कोकणच्या मातीतील आम्ल

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना मूळ खडक बहुतांशी एकच, काळा बसाल्ट. तरी सोलापूरची काळी जमीन विम्लधर्मी, तर रत्नागिरीची तांबडी जमीन आम्लधर्मी. हा फरक मुख्यतः पावसाचा आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरात त्याचा चौथा हिस्साही पडत नाही.

हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने स्वच्छ पावसाचा सामूही ५.६ च्या आसपास असतो. मुळे आणि जिवाणू यांच्या श्वसनामुळे मातीत मुरलेले पाणी आणखी आम्ल होते. त्यातले हायड्रोजन आयन मातीच्या कणांवरील कॅल्शियम, मॅग्नेशियमला हुसकावतात आणि ही द्रव्ये निचऱ्याबरोबर निघून जातात. सिलिकाही धुपते. मागे उरतो तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला जांभा. शेतीही यात भर घालते. युरियातून तयार झालेल्या अमोनियमचे नायट्रेट होताना हायड्रोजन आयन सुटतात, आणि प्रत्येक पिकाबरोबर थोडे कॅल्शियम शेताबाहेर जाते. राब भाजण्याच्या जुन्या रीतीत निदान राखेचा क्षार तरव्याला मिळत असे.

पिकाचे खरे नुकसान मात्र हायड्रोजनपेक्षा ॲल्युमिनियम करते. सामू ५.५ च्या खाली उतरला की ते विरघळू लागते, ५ च्या खाली तर झपाट्याने. मुळांची टोके आखूड, जाड आणि तपकिरी होतात, तंतुमुळे फुटत नाहीत. खालच्या थरात ओल असूनही रोप सुकते. दिलेले स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी जखडून पडते ते वेगळेच. शिवाय हे ॲल्युमिनियम पाण्याचे विघटन करून नवे हायड्रोजन आयन सोडते. त्यामुळे चुन्याने द्रावणातले आम्ल संपवले, तरी कणांवरच्या साठ्यातून ते पुन्हा भरून येते. सामू दाखवतो ते केवळ द्रावणातले आम्ल. हा साठा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच सामू सारखा असलेल्या दोन शेतांना चुना सारखाच लागत नाही. चिकण आणि सेंद्रिय पदार्थ जास्त असलेल्या शेताला अधिक लागतो. जमीन आरोग्य पत्रिकेत सामूचा आकडा असतो, ॲल्युमिनियमचा नसतो. कोकणासाठी ही उणीव लहान नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोकणात आलेल्या मृदाशास्त्रज्ञांचे, कृषी अधिकाऱ्यांचे आणि शेतकरी बंधुभगिनींचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत आहे. आम्ल जमिनीत चुन्याची मात्रा ॲल्युमिनियम तपासूनच ठरवावी, अशी शिफारस परिषदेने करावी, ही समितीची आग्रहाची विनंती आहे.