ऐकणाऱ्याला काम द्या

वणी, मारेगाव, झरी-जामणीकडून आलेल्या इंग्रजीच्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने व्यापक बोलावं अशी अपेक्षा असते. मी मात्र शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका तासाबद्दलच बोलणार आहे. 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' असं आपण म्हणतो आणि एकामागून एक पोरं उभी राहतात. माय नेम इज अमुक, आय लिव्ह इन वणी, माय फादर इज अ फार्मर. पाचव्या पोरापर्यंत वर्गाचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं आणि आपलं हजेरीपटात.

यात पोरांचा दोष नाही. ती एकमेकांना बालवाडीपासून ओळखतात. नाव, गाव, बापाचा धंदा सगळं ठाऊक असताना ऐकायचं कशाला? 2000 साली महाराष्ट्राने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आणलं. तेव्हापासून ही चार वाक्यं पोरं पहिलीत शिकतात आणि दहावीच्या तोंडी परीक्षेलाही तीच म्हणतात. मधल्या काळात मुलग्यांचा आवाज तेवढा फुटलेला असतो.

एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा जो बंगळुरू प्रकल्प चालवला, त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी स्थिती निर्माण केली की भाषा आपोआप कामाला लागते. आपल्या परिचयाच्या तासात नेमकी हीच स्थिती नसते. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: बोलणाऱ्याची तयारी कमी करा, ऐकणाऱ्याला काम द्या.

दोन खरी आणि एक खोटी, अशी स्वतःबद्दलची तीन वाक्यं सांगण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एक पोरगी म्हणते, आय कॅन ड्राइव्ह अ बुलक कार्ट. आय हॅव सीन अ टायगर. आय हेट मँगोज. पुण्यामुंबईच्या वर्गात वाघाचं वाक्य लगेच खोटं ठरेल. टिपेश्वर अभयारण्याच्या या यवतमाळ जिल्ह्यात ते खरंही असू शकतं आणि तिथेच वर्ग पेटतो. व्हेअर? व्हेन? हू वॉज विथ यू? एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा पोरगाही उलटतपासणीला उभा राहतो. व्हेअर यू सॉ, असं चुकीचं विचारेल. विचारू द्या. चूक वहीत टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घ्या. वाघ समोर असताना व्याकरण काढू नये.

नाव सांगण्याचा सगळ्यात रंगतदार प्रकार तर आपल्याच घरात आहे, तो म्हणजे उखाणा. लग्नातल्या उखाण्यात नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घेतात, वर्गात स्वतःचं घ्यायचं. वणीच्या पोराला कापूस आणि कोळसा काय शिकवायचा? 'व्हाइट इज कॉटन, ब्लॅक इज कोल, कॅच मी इफ यू कॅन, आय ॲम अमोल!' इथे ऐकणाऱ्याचं काम म्हणजे शेवटचं नाव यायच्या आत ओळखायचं. वेकोलिच्या, म्हणजे कोळसा खाणींच्या कॉलनीतलं हिंदी बोलणारं पोर असो की घरी कोलामी बोलणारं, यमक जुळवायला सगळ्यांचे कान सारखेच तयार असतात. उलट वऱ्हाडीवर हसणाऱ्या वर्गात इंग्रजीच्या तासाला सगळे एकाच पायरीवर येतात, हा मला फायदाच वाटतो.

आता जरा अवघड जागी येतो. 'माय फादर इज' हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यात सक्तीचं असू नये. शेतकरी आत्महत्यांनी ज्या घरांतला कर्ता माणूस नेला, तिथली लेकरं आपल्या बाकांवर बसतात. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. पतीच्या आत्महत्येनंतर एकटीने संसार ओढणारी ही बाई आपल्यासारख्या एकल स्त्रियांच्या जगण्याविषयी बोलली आणि मंडपाने कान देऊन ऐकलं. पण म्हणून घरातलं तसलं दुःख एखाद्या दहा वर्षांच्या पोराकडून शाळेच्या चौथ्या दिवशी वदवून घ्यायचा अधिकार आपल्याला मिळत नाही. घरातल्या ज्या माणसाशी तुझं सगळ्यात जास्त भांडण होतं, त्याच्याबद्दल सांग, असं म्हणा. आजी निघेल, बहीण निघेल, एखाद्याची शेळीही निघेल. आणि 'पास' म्हणायची मुभा प्रत्येकाला ठेवा.

साठ पोरांच्या वर्गात हे कसं जमणार, ही शंका रास्त आहे. एका तासात साठ परिचय होणारच नाहीत. जोड्या लावा. प्रत्येकाने शेजाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे, त्यातल्या एकाचं तरी उत्तर त्याला आधी माहीत नसलं पाहिजे, आणि मग शेजाऱ्याचीच ओळख वर्गाला करून द्यायची. दिवसाला चार जोड्या पुरेत, दोन आठवड्यांत वर्ग होतो. या सरावाला गुण द्यायचेच असतील तर निम्मे प्रश्न विचारणाऱ्याला द्या.

आयोजकांची वेळेची चिठ्ठी आली आहे. पुढचं सत्र प्रात्यक्षिकांचं आहे, त्याला माझी मिनिटं देतो.