केसपेपर कोणाचा?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे ‘हॉस्पिटलातले कागद बंद करा, सगळं संगणकावर आणा’ असंच मी सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मला थोडं वेगळं सांगायचं आहे. सुरुवात घरापासून करतो.

आम्ही परळला तळमजल्यावर राहायचो. अब्बांचे सगळे केसपेपर अम्मी पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायची. २६ जुलै २००५ ला हिंदमाताचं पाणी घरात शिरलं आणि ट्रंक बुडाली. कागद वाळत घातले, पण शाई उतरली होती. दोन वर्षांनी अब्बांना भरती करावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, “कुठल्या इंजेक्शनचा त्रास होतो का?” एकदा झाला होता, हे अम्मीला आठवत होतं, इंजेक्शनचं नाव मात्र आठवेना. ते त्या पुसलेल्या कागदावर होतं. टेस्ट डोसलाच अब्बांचा श्वास कोंडला. डॉक्टर शेजारीच उभ्या होत्या म्हणून निभावलं. चूक कोणाचीच नव्हती, माहिती हरवली होती.

कागद फक्त पाण्यात जातो असंही नाही. जुलै २०२४ मध्ये परळच्याच केईएम हॉस्पिटलच्या कागदांपासून बनवलेल्या प्लेट्सचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यांवर रुग्णांची नावं दिसत होती. ते रिपोर्ट नव्हते, रद्दीत दिलेली सीटी स्कॅनची जुनी फोल्डर होती, असा खुलासा प्रशासनाने केला. सहा कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या. म्हणजे कागद आहे म्हणून माहिती गुपित राहते, हा गैरसमज आहे.

मग संगणक सुरक्षित आहे का? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे तिथलं काम हाताने, कागदावर करावं लागलं. भिजलेली ट्रंक एका घराची असते. सर्व्हर बंद पडला की हजारो घरांची ट्रंक एकदम बुडते.

आता ‘आभा’ नंबरबद्दल. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. त्यातला हा १४ अंकी नंबर ऐच्छिक आहे. रेकॉर्ड ज्या त्या हॉस्पिटलात राहतं आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतं, अशी ही रचना आहे. कल्पना चांगली आहे. अब्बांना तिचा उपयोग झाला असता.

पण दोन प्रश्न मला छळतात.

पहिला नावाचा. आपल्याकडे एकच माणूस केसपेपरवर ‘मो. शेख’, आधारवर ‘मोहम्मद’ आणि रिपोर्टवर ‘मोहमद’ असतो. संगणकाला हे तीन माणसं वाटतात. उलट, एका मोहल्ल्यातले एकाच वयाचे दोन मोहम्मद शेख तो एक समजू शकतो. मग एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते. ही धर्माची गोष्ट नाही. लालबागच्या चाळीतल्या दोन संतोष जाधवांचंही हेच होईल.

दुसरा प्रश्न संमतीचा. संमती प्रत्यक्षात ओटीपीवर येऊन थांबते. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असेल, तर बाईच्या तपासणीची माहिती आधी कोणाला कळेल? टीबी, गर्भपात, मानसिक आजार या गोष्टी घरातही सगळ्यांना सांगायच्या नसतात. रांगेत मागून “लवकर सांगा” ओरडत असताना दिलेला आकडा म्हणजे संमती नव्हे.

माझं म्हणणं एवढंच, की माहिती कागदावर असो की संगणकात, ती रुग्णाची अमानत आहे. हॉस्पिटल फक्त सांभाळणारं. म्हणून तीन कामं आपण आजच करू शकतो.

एक, डिस्चार्ज कार्डाची प्रत घरी ठेवा, फोटो काढा आणि ॲलर्जी वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. दोन, हॉस्पिटलात भरती असतानाचं रेकॉर्ड मागा. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार मागणी केल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचं असतं. पण ते तीन वर्षंच जपण्याचं बंधन आहे, म्हणून वेळेत मागा. तीन, आपल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी ओपीडीच्या रांगेत उभं राहावं, नावाचं स्पेलिंग तपासून द्यावं आणि ओटीपी कशासाठी आहे ते सांगावं.

अम्मी आजही पिशवी घेऊनच दवाखान्यात जाते. तिच्या मोबाइलमध्ये आता सगळे फोटो आहेत. मी पिशवी बंद करायला सांगत नाही. फक्त अब्बांच्या त्या इंजेक्शनचं नाव मोठ्या अक्षरात लिहून वर ठेवलं आहे.