हातमोजे, ऋतूप्रमाणे

स्कार्फ, सनकोट आणि कोपरापर्यंतचे सुती हातमोजे असा जामानिमा करून आपण गाडी काढतो. त्यानं ऊन अडतं, हे खरं. पण गाडी घसरली की माणूस आपसूक हात टेकतो आणि डांबरावर तळहात सोलवटतात. सुती कापड तिथं लगेच फाटतं, चांगलं चामडं बरंच घासणं सोसतं. आणि हात जायबंदी झाला, की भाकरी थापण्यापासून लेकराला उचलण्यापर्यंत सगळंच अडतं. म्हणून रोज गाडीवर फिरणाऱ्या आशाताई, शिक्षिका, दूध घालणाऱ्या बायका, सगळ्यांनी हे ऐकावं.

आधी माप. अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपनं मोजा. पुरुषांचे हातमोजे आपल्याला बहुधा मोठे होतात आणि बोटांच्या टोकाशी उरलेलं चामडं ब्रेक दाबताना आड येतं. दुकानातच मूठ वळून पाहा. तळहाताला दुहेरी चामडं हवं. मनगटाला पट्टा हवाच, नाहीतर पडताना हातमोजा निसटतो. बकरीचं चामडं पातळ, मऊ, तरी चिवट असतं. हार्डवेअरच्या दुकानातले वेल्डिंगचे जाड हातमोजे स्वस्त पडतात, पण त्यांतून ब्रेकचा अंदाज येत नाही.

उन्हाळ्यात बारीक छिद्रांचे, बिनअस्तराचे घ्या. थंडीत अस्तराचे बरे, पण घट्ट नकोत. रक्त खेळलं नाही तर बोटं आणखी गारठतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. पावसाळा चामड्याचा वैरी. ते पाणी पितं, जड होतं, कधी रंगही सोडतं. तेव्हा आत पाणी न शिरणारं अस्तर असलेला जोड लागतो.

हातमोजे भिजलेच तर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, सावलीत वाळवा, मग चामड्याचं क्रीम हलक्या हातानं चोळा.

एकच जोड परवडत असेल, तर बकरीच्या चामड्याचा, बिनअस्तराचा घ्या. आत पातळ विणलेला हातमोजा मावतो का, तेही पाहून घ्या, म्हणजे थंडीतही निभेल. मात्र पैसे मोजकेच असतील, तर पहिला मान हेल्मेटचा. हातमोजे त्यानंतर.

हेल्मेटचा पट्टा लावा, मनगटाचा पट्टा लावा, मगच किल्ली फिरवा.