संध्याकाळी सातनंतरची मंडळी

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

1987 साली पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या या परिसरात ललित कला केंद्र सुरू झालं. आता ते चाळिशीत पोहोचतं आहे. त्या निमित्ताने आज इथे जुने विद्यार्थी आलेत, वाद्यांची साथ करणारे आलेत, प्रकाशयोजना आणि रंगभूषा सांभाळणारे आलेत. केंद्राच्या प्रत्येक प्रयोगाला न चुकता येऊन बसणारे आसपासचे प्रेक्षकही आहेत. पदवीचा कागद एकाच्या हाती पडतो, पण त्यामागे किती जणांची मेहनत असते हे आज या सभागृहात डोळ्यांना दिसतं आहे. मला मात्र आज इथे नसलेल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. त्यांच्यामुळे हे केंद्र उभं राहू शकलं, असं मला मनापासून वाटतं.

नाटक शिकण्याची सोय महाराष्ट्रात विद्यापीठांच्या पुष्कळ आधीपासून होती. ती नाटक मंडळीत होती. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि पुढची पन्नासेक वर्षं मंडळी हेच आपलं गुरुकुल होतं. पोरगेला मुलगा मंडळीत यायचा, तिथेच जेवायचा, तिथेच झोपायचा, मोठ्यांच्या नकला बघत बघत उभा राहायला शिकायचा. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई तिथे गाणं शिकवायचा. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत. विंगेत उभ्या असलेल्या नवख्या मुलाच्या कानावर रोज रात्री काय पडत असेल, याची कल्पना करा. आज तुम्हाला संगीत, नृत्य आणि नाट्य यांचा शेजार एका छताखाली मिळाला, तो याच परंपरेतून.

मग बोलपट आले. 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि काही वर्षांतच एकेक मंडळी बंद पडत गेली. पडदे लिलावात गेले, नट सिनेमात गेले किंवा घरी बसले. नाटकाचं शिक्षण देणारी ती अख्खी व्यवस्थाच मोडली. तेव्हापासून विद्यापीठांत नाट्यविभाग उभे राहीपर्यंत मधली जी तीन-चार दशकं गेली, त्या काळात मराठी नाटक जगवलं कुणी? व्यावसायिक निर्मात्यांचा वाटा मोठाच आहे. पण गावोगावी ते जगवलं दिवसा नोकरी करून संध्याकाळी सातनंतर तालमीला जमणाऱ्यांनी.

या शहराचंच बघा. भालबा केळकर प्राध्यापक होते, त्यांनी 1951 साली प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन उभी केली. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात याच संस्थेच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, दवाखाना दौंडला. नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्राचं काम करणारे. ब्राह्मणांची ती डुलणारी रांग, जिचा क्षणात पडदा व्हायचा आणि क्षणात पुणं व्हायचं, ती उभी केली ती दिवसभर आपापली कामं उरकून आलेल्या माणसांनी. हेच नाटक 1980 मध्ये युरोपात जाऊन आलं. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे शल्यविशारद. 1969 साली चालता व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभं राहिलं.

ही झाली सगळ्यांना ठाऊक असलेली नावं. ज्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत, त्यांच्यात मी वाढलो.

आमच्या तालुक्याच्या गावी तालीम शाळेच्या वर्गात व्हायची. बाकं भिंतीला लावायची, फरशीवर खडूने दार, खिडकी, कोच आखायचा, आणि रात्री जाताना ते सगळं पुसून बाकं पुन्हा ओळीत लावायची, कारण सकाळी सातला मुलांची शाळा. बँकेतला कॅशियर वडिलांच्या भूमिकेत असायचा. मार्च महिन्यात हिशेबामुळे त्याला उशीर व्हायचा, तेव्हा प्रॉम्प्टर त्याची वाक्यं वाचायचा. एसटीच्या आगारातले एक मेकॅनिक प्रकाशयोजना बघायचे. विकतचा डिमर परवडत नव्हता. त्यांनी चिनी मातीच्या बरण्यांत मिठाचं पाणी भरून डिमर बनवले होते. पाण्यात तळाशी एक धातूची पट्टी, वरून दोरीने सोडलेली दुसरी. वरची पट्टी हळूहळू खाली सोडली की रंगमंचावर उजाडायचं, वर ओढली की सांज व्हायची. पायात रबरी चप्पल घालून, खाली लाकडी फळी टाकून ते त्या दोऱ्या धरून उभे असायचे आणि बाकी कुणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. पाणी तापून वाफ यायला लागली की मंद प्रवेशात तिचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोहोचायचा. संहिता त्यांना आमच्याइतकीच पाठ होती. कुठल्या शब्दावर उजेड उतरवायचा, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

नायिका मिळणं सगळ्यांत अवघड. घरच्या मुलीला नाटकात काम करू द्यायला गावात कुणी तयार नसे. मग मानधन देऊन पुण्याहून किंवा कोल्हापुरातून कलावतीला बोलवायचं. त्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी एसटीने उतरायच्या, संवाद पाठ करून आलेल्या, आणि एका तालमीत सगळ्यांशी जुळवून घ्यायच्या. अशा बायकांनी गावोगावी, अनोळखी नटांबरोबर, कित्येक नाटकं तोलून धरली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांच्यासाठी पानं राखलेली नाहीत. आज पदवी घेणाऱ्यांत इतक्या मुली आहेत आणि त्यांचे आईवडील समोर बसून टाळ्या वाजवत आहेत, हे पाहताना मला त्या एसटीतून उतरणाऱ्या बायका आठवतात.

1954 साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि अशा सगळ्यांना एक हक्काचा मंच मिळाला. पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांना तो दिला. मुंबईत 1974 पासून ‘आविष्कार’ या संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाचं घर मांडलं. बघा, आपलं नाटक पुन्हा पुन्हा शाळेच्याच आसऱ्याला गेलेलं आहे.

पण या माणसांचं कौतुक करताना त्यांच्या मर्यादा मी झाकणार नाही. तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसायचा, कारण श्वास कुठून घ्यायचा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. शरीर ताठ असायचं. दिवसभर टेबलावर वाकून आलेला माणूस रात्री नऊ वाजता राजासारखा चालू शकत नाही. वाचन जेमतेम, जगातलं नाटक बघायला मिळणं अशक्य. नाटकाला माणसाचा अख्खा दिवस लागतो, आणि तो दिवस त्यांच्याजवळ नव्हता.

तो दिवस हवा असेल तर दिल्ली गाठावी लागे. 1959 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. 1962 पासून पंधरा वर्षं ते घडवणारे इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचेच. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्यांनी तिथे शिक्षण घेतलं. पण आपली भाषा सोडून हिंदीत शिकणं आणि घरापासून इतकं दूर राहणं किती जणांना जमणार? तिथून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्क्यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यविभाग उभा केला, पुढे 2003 मध्ये वामन केंद्रे यांनी मुंबई विद्यापीठात. पुण्यात हे केंद्र झालं. आणि 1996 साली आळेकरांनी मेडिकल कॉलेजातली नोकरी मुदतीआधी सोडून या केंद्राची धुरा घेतली, ती 2009 पर्यंत सांभाळली. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या पिढीतल्या माणसाने पुढच्या पिढीला नाटकासाठी पूर्ण दिवस मिळवून दिला. या केंद्राच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते.

तुम्हाला तो दिवस मिळाला. सकाळी आवाजाचा रियाज, मग शरीराचा, मग संहितावाचन, मग तालीम. उघड्या अंगणात प्रयोग करताना प्रेक्षक दोन हातांवर बसलेला कसा पेलायचा, हे तुम्ही इथे शिकलात. चूक करायला आणि ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला तुम्हाला सवड होती. ज्यांना ही सवड कधीच मिळाली नाही, त्यांचं काहीतरी देणं आपण लागतो, असं मी मानतो.

तुमच्यातले बरेच जण मुंबईला जातील. मालिकांत काम कराल, सिनेमात कराल. खुशाल करा. पोटाला अन्न लागतं आणि चांगलं काम कुठेही चांगलंच असतं. काही जण दिवसा दुसरी नोकरी कराल आणि रात्री नाटक. त्यात कमीपणा मुळीच नाही. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत, ते असेच जगले. एवढंच करा, की हौशी मंडळींना कमी लेखू नका. सांगलीत, अकोल्यात, नांदेडला, बेळगावात, पणजीत आजही रात्री बाकं सरकवून तालमी चालू आहेत. त्यांच्याजवळ हौस अमाप आहे, चिकाटी आहे आणि न कंटाळणारे प्रेक्षकही आहेत. श्वास कसा घ्यायचा, एका दिव्यात प्रवेश कसा उजळायचा, बाईच्या भूमिकेकडे आजच्या नजरेने कसं बघायचं, हे त्यांना सांगणारं कुणीतरी हवं आहे. तुमच्या तीन-चार वर्षांच्या अभ्यासातलं निम्मंशिम्मं त्यांच्यापर्यंत पोहोचलं, तरी मराठी नाटकाची पातळी पाच वर्षांत बदलेल. त्यांच्याकडून तुम्हालाही घेण्यासारखं खूप आहे. साधनं नसताना प्रयोग रद्द न होऊ देण्याची जी धमक त्यांच्यात आहे, ती कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवता येत नाही.

म्हणून माझी तुम्हाला एकच विनंती आहे. या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू होईल, तेव्हा आपापल्या जिल्ह्याच्या केंद्रावर जा. तिकीट काढून एक नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. प्रयोग संपला की मेकअप उतरण्याआधी आत जाऊन त्या मंडळींना भेटा. ते चहा देतील, चुका विचारतील आणि पुढच्या नाटकाच्या तालमीला या म्हणतील. तेव्हा नाही म्हणू नका.