न चाललेल्या नोटा

नोट हाती आली की ती चालते की नाही, हाच प्रश्न मनुष्याच्या मनात प्रथम उभा राहतो. कोराडीस जगदंबेचे दर्शन घेऊन माझ्या घरी विसाव्यास टेकणारे पाहुणेही माझ्या संग्रहातील एखादा जुना कागद उलटसुलट करून हेच विचारतात. आज ज्या नोटांविषयी मला बोलावयाचे आहे, त्या कधीच चालल्या नाहीत. त्या नमुन्याच्या नोटा होत.

सरकारने नोटा काढण्यापूर्वी आपल्या देशात बँकाच त्या काढीत असत. कलकत्त्याची बँक ऑफ हिंदोस्तान १७७० साली निघाली आणि १८३२ साली बुडाली. बँक ऑफ बेंगॉल, १८४० ची बँक ऑफ बॉम्बे व १८४३ ची बँक ऑफ मद्रास ह्या तिन्हींत सरकारचा थोडा वाटा होता, तरी भांडवल मुख्यतः खाजगी भागीदारांचेच. पुढे १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला व १ मार्च १८६२ पासून बँकांच्या नोटांचा जमाना संपला.

त्या नोटा गेल्या कोठे? शंभर किंवा अडीचशे रुपयांचा कागद त्या काळी कोण पेटीत विसरून ठेवणार! तो बँकेत परत गेला, त्याचे रोख रुपये झाले आणि बँकेने तो रद्द करून नष्ट केला. ज्या नोटेने आपले काम चोख केले, ती अशा रीतीने नाहीशी झाली. नमुन्याची नोट मात्र कारकुनाला खरी-खोटी ताडून पाहता यावी, किंवा मुद्रकाच्या दप्तरी राहावी, एवढ्यासाठीच छापलेली. तिच्यावर सही नसते, क्रमांकाच्या जागी शून्ये किंवा मोकळी जागा असते आणि पुष्कळदा अंगावर रद्द केल्याची भोके असतात. तिचे पैसे मागता येत नसल्यामुळे ती परत करण्याचे कोणास कारणच पडले नाही.

बँक ऑफ बेंगॉलच्या एका मालिकेवर धक्क्याशी बसलेली व्यापाराची मूर्तिमंत स्त्री आहे, आणि बँकेचे नाव उर्दू, बंगाली व नागरी अशा तिन्ही लिप्यांत आहे. पण आपल्याकडच्या वाचकास खरी खिळवून ठेवील ती मुंबईची नोट. तिच्यावर टाउन हॉलचे चित्र, आणि काही नोटांवर एल्फिन्स्टन व माल्कम ह्यांचे पुतळे! एल्फिन्स्टन १८०४ ते १८०८ पर्यंत येथे नागपुरातच भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. पुढे खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्यास तोच. आणि १८१८ साली दुसरा बाजीराव शरण गेला तो माल्कमलाच. पेशवाई बुडून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोच त्या दोघांच्या प्रतिमा व्यापाऱ्यांच्या कनवटीस लागल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे असे एका दृष्टिक्षेपात दिसत नाही.

नागपूरकर संग्राहकाने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८५४ पर्यंत येथे भोसल्यांचे राज्य. व्यवहार नागपुरी रुपयाचा आणि हुंडीचा. तेव्हा आजोबांच्या दप्तरात बँक ऑफ बॉम्बेची नोट सापडेल, ही आशा फारशी धरू नये. शोधावयाचीच असेल तर नंतरची, नागपूर मंडळाचे नाव छापलेली सरकारी नोट शोधावी. त्या वेळी नोटांची मंडळे ठरलेली असत, आणि नागपूर व अकोला ही दोन्ही नावे त्यांत होती. वाड्यांतली दप्तरे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा तरी कोणी ती उलगडून पाहील काय?

बाजारात फसवणूकही चालते. नमुन्याची भोके कागदाच्या लगद्याने बुजवून ती चाललेली नोट म्हणून विकणारे आहेत. असा कागद उजेडासमोर धरावा, म्हणजे बुजवलेल्या जागा वेगळ्या दिसतात. पोलादी पत्र्यावर कोरून छापलेली रेघ भिंगाखाली अखंड असते व बोटाला किंचित उंच लागते. हल्लीच्या नकलेत ठिपके दिसतात. नोट हाती आल्यावर फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, इस्त्री तर मुळीच फिरवू नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट व कोरड्या जागी ती ठेवावी, आणि ती कोणाकडून, कोणत्या साली मिळाली, हे पाकिटावर नोट आत घालण्यापूर्वीच लिहावे.