थर्मोस्टॅट काढू नका, बदला

बदलापूर ते उल्हासनगर रोज डिझेल गाडी चालवता आणि टेम्परेचरचा काटा वर चढतच नाही? थर्मोस्टॅट उघडा अडकला असू शकतो. गॅरेजवाला म्हणेल, "काढूनच टाकू, आपल्याकडे कुठे थंडी?" मी म्हणतो, नको. अंबरनाथला बाहेर ३५ अंश असले तरी इंजिनाला साधारण ८० ते ९० लागतात. तेवढं तापेपर्यंत हा मेणाचा व्हॉल्व्ह कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसेल तर छोट्या फेरीत इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त जातं. बंद अडकला तर उलटं: माळशेज घाटात गाडी उकळणार, हेड गॅस्केट जाणार. नवा बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा. आणि कूलंटचं झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा, नाहीतर हात भाजेल. भेटू पुढच्या भागात!