याकच्या पोटातला हिशेब

मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता करणारा. याकच्या पचनावर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण भूक हा विषय कवीलाही परका नाही.

याक हा तिबेटच्या पठारावरचा आणि आपल्या लडाख, सिक्कीम, अरुणाचलातला केसाळ प्राणी. तिथे हिरवं गवत उन्हाळ्याचे मोजके महिनेच. मग ते वाळतं, त्यातली प्रथिनं घटतात, वर बर्फ पडतो. हिवाळा सरेपर्यंत याकचं वजन पाव हिश्शानेही उतरतं.

प्रथिनांत नायट्रोजन असतो. शरीरात ती मोडली की युरिया तयार होतो. माणसाचा बहुतेक युरिया लघवीवाटे जातो. रवंथ करणाऱ्या जनावरात मात्र त्याचा बराच वाटा रक्तातून आणि लाळेतून पोटाच्या पहिल्या कप्प्यात परत येतो. तिथले सूक्ष्मजीव त्यावर वाढतात, आणि पुढे तेच पचून जनावराला प्रथिनं मिळतात! चाऱ्यातला नायट्रोजन घटला की मूत्रपिंडं युरिया राखून धरतात. गाय-म्हैसही हे करते. पण निकृष्ट चाऱ्यावर याक त्याच पठारावरच्या गायीपेक्षा यात सरस ठरतो, असं चीनमधल्या संशोधकांना आढळलं आहे.

पचनाचंही तसंच. थोडं खाल्लं, तर चारा कप्प्यात जास्त वेळ मुरतो, त्याचा कस अधिक निघतो. भरपूर खाल्लं, तर काही भाग न पचताच शेणात जातो. (तेही वाया जात नाही. जिथे झाडंच नाहीत, तिथे वाळलेलं शेण हेच सरपण.)

मात्र सूक्ष्मजीवांना युरियाबरोबर ऊर्जाही लागते, आणि ती गवतातूनच येते. गवतच नसेल, तर जनावर स्वतःचं मांस झिजवतं. डिसेंबर २०१८ पासून उत्तर सिक्कीममध्ये बर्फ पडतच राहिला. मुकुथांगच्या खोऱ्यात याक अडकले. मे २०१९मध्ये सरकारी पथक तिथे पोहोचलं, तेव्हा किमान ३०० याक उपासमारीने मेलेले होते.

मला राहून राहून वाटतं, या जनावराला पोटभर नकोच होतं. कप्प्यातलं चक्र चालू राहील एवढं वाळलं गवत बर्फाआधी वर साठवलेलं असतं, तर कित्येक तगले असते. आपल्या दुष्काळी भागात कडब्याची गंजी याच धास्तीने रचतात. तिथे नंतर हवाईमार्गे चारा टाकायचा प्रयत्न झाला. खराब हवामानामुळे तोही फसला.